चंपतच्या पोराची हजेरी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, उन्हं वर आली, तेव्हा लकडगंजातल्या रुपरावांच्या वखारीत माणसं जमली होती आणि कवडूच्या हातांत बेड्या पडल्या होत्या.

वखारीच्या आवारातच मालकांचं घर, रचलेल्या लाकडांमुळे गल्लीतून न दिसणारं. रुपराव आपल्या ओट्यावर पालथे पडले होते. मागून मानेवर कुऱ्हाडीचा एकच घाव, आणि कुऱ्हाड तिथेच सोडलेली.

चंपत दरोडेखोर असाच मारायचा. त्याला फाशी होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्याचं नाव काढलं की बाया पदर सावरत. कवडू त्याचा मुलगा. बापाचा चेहरासुद्धा त्याला नीट आठवत नव्हता. गावाला मात्र तो घाव आठवत होता.

गर्दीतून कोणीतरी पहाटेची आरोळी पुन्हा दिली, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" कोणीच हसलं नाही. सगळे कवडूकडे पाहत होते.

फौजदार बाबारावांनीच चंपतला पकडलं होतं. त्यांच्याच हुकमाने कवडू मिसरूड फुटल्यापासून रोज दिवेलागणीला चौकीत हजर होई, रात्रभर कुलपात राही आणि उजाडल्यावर सुटून वखारीत कामाला येई. आजही आला. मालकांना पालथं पाहून वाकला, तेवढ्यात त्यांचा पुतण्या डोमा याने बोंब ठोकली.

बाबारावांनी ओट्यावरच्या रक्ताला बोट लावलं. बोट कोरडंच राहिलं. मग ते दाराकडे पाहत राहिले. दोन्ही बाजूंना पोळ्याला लावलेल्या पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे, मलूल होऊन उभे होते.

"काकाले शेवटचं जितं कधी पाहिलं?"

"आताच, उजाडल्यावर," डोमा म्हणाला. "ओट्यावर येऊन बसले, मले दात घासाले राखुंडी मागितली. मी आत गेलो. बाहेर येऊन पाहतो, तं हा वाकून राहिला."

मग त्याने सगळंच सांगून टाकलं. काल पोळ्यात काकांनी बैलजोडी तोरणाखाली न्यायचा मान कवडूला दिला. यापुढे वखारही तोच पाहील, असं चारचौघांत बोलले. तेव्हापासून हा माजला होता.

"आधी तो मान कोणाचा होता?"

"माझा," डोमा म्हणाला.

"रात्री कुठं होता तू?"

"घरातच. झोपलो होतो."

बाबाराव कवडूकडे वळले. "तू मारलं का गा?"

"नाही, साहेब."

"मग इतका वेळ बोलत काहून नाही?"

"चंपतच्या पोराचं कोण ऐकते?"

बाबारावांनी दाराकडे बोट केलं. "डोमा, हे मेढे अजून इथं काहून आहेत?"

डोमाने पहिल्यांदाच तिकडे पाहिलं. "काका विसरले असतील."

गर्दीतली माणसंही वळून दाराकडे पाहू लागली.

"गल्लीत आज एकाही दाराशी मेढे नाहीत," बाबाराव शांतपणे म्हणाले. "घरधनी पहाटे उठते, तोंडात पाणी घ्यायच्या आधी मेढे काढून गावाबाहेर नेते, म्हणजे रोगराई त्याच्यासंग जाते. रुपरावची बायको अन् पोरगी पटकीनं गेली. तो माणूस मेढे तसेच ठेवून दात घासत बसन? आजची पहाट त्यानं पाहिलीच नाही. रात्री उकाड्यानं ओट्यावर आला, तेव्हाच तू मागून घाव घातला. रक्त पार वाळून गेलं आहे. पण रात्रभर कवडू माझ्या कुलपात होता, हे तुले ठाऊक. म्हणून मेलेल्या माणसाले तू सकाळपर्यंत जितं ठेवलं. कुऱ्हाड चंपतसारखी चालवली. घरधन्याचं काम मात्र तू जन्मात केलं नाही. म्हणून मेढे तुले दिसलेच नाहीत."

डोमा खाली बसला. "खुन्याच्या पोराले मान दिला त्यानं," तो पुटपुटला. "माझ्यासमोर."

बेड्या कवडूच्या हातांतून निघून डोमाच्या हातांत पडल्या. माणसं पांगली. कवडूशी कोणी एक शब्द बोललं नाही. कोणी त्याच्या वाटेतूनही गेलं नाही.

"आजपासून चौकीत येऊ नको," बाबाराव त्याला म्हणाले.

दिवेलागणीला कवडू काखेत वाकळ घेऊन चौकीच्या दारात उभा होता.

"काहून आला गा?"

"साहेब, आज रात्री गावात कोणी मेलं, तं माझ्या बाजूनं सांगणारं कोण राहीन?"

बाबाराव दारातून बाजूला झाले. मग त्यांनी कमरेची किल्ली काढली.