सगळ्या काचा खाली

ती कोळशाची ग्रिल आधी परत बाहेर डेकवर ठेव, यश. ठेव म्हणतो ना. थंडी वाजत असेल तर आणखी एक पांघरूण घे. सई दोन घेऊन बसलीय, ती काही अंडी उबवत नाहीये. डेकचं दार नीट लाव. सिंकवरची खिडकी मात्र चार बोटं उघडी आहे, ती तशीच राहू दे. वारा येतो, मला कळतं. येऊ दे.

लाइट आता सकाळशिवाय येत नाहीत. गिरिजा, मेणबत्ती जरा मध्ये सरकव. ग्रिलला का नाही म्हटलं ते सांगतो. माझ्या मित्राच्या बाबतीत घडलेलं आहे, ईश्वर रामटेकेच्या. भूतबीत मी मानत नाही, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या बापाच्या घरात वाढलोय. ईश्वर तर माझ्याहून कडक. शाळेत असताना पैज लावून अमावास्येला स्मशानात डबा खाऊन आलेला गडी. तेव्हा "काका, रिअली?" असं मध्ये मध्ये करू नका. ऐका नुसतं.

दोन हजार दोन साल. सहा डिसेंबर, शुक्रवार. संध्याकाळचे सव्वासहा झाले होते आणि बाहेर मध्यरात्रीसारखा काळोख होता. इथेच आपल्या कॅरी गावात, मागच्या गल्लीत ईश्वरचं घर होतं. तो ड्राइव्हवेत उभा राहून गाडीच्या काचेवरचा बर्फ जुन्या क्रेडिट कार्डाने खरवडत होता. शीलाने, त्याच्या बायकोने, चहाचा थर्मास आणि दोन ब्लँकेटं आणून पुढच्या सीटवर ठेवली. काम साधं होतं. बुद्धभूषण आणि मोनाली या दोघांना घरी घेऊन यायचं.

सहा डिसेंबर म्हणजे बाबासाहेबांचा दिवस. दरवर्षी आम्ही चार-पाच घरं ईश्वरकडे जमायचो. पांढरे कपडे, मेणबत्त्या, वंदना, मग साधं वरण-भात. त्या वर्षी तर बोलवायलाही लागलं नाही, कारण गुरुवारपासून आम्ही सगळे तिथेच पडलेलो होतो. बुधवारी रात्री पाऊस आला होता. नुसता पाऊस, पण पडेल तिथे गोठणारा. फांदीवर पडला की फांदीला चिकटला, तारेवर पडला की तारेला. पहाटे पाइनची झाडं मोडायला लागली. कडाड... मग जरा वेळ काही नाही... मग धप्प. तारा तुटल्या, सगळ्या गावाची वीज गेली. ईश्वरच्या हॉलमध्ये गॅसची फायरप्लेस होती, म्हणून आम्ही अकरा माणसं तिच्यासमोर सतरंज्या टाकून होतो.

बुद्धभूषण वर्ध्याकडचा पोरगा. युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करत होता. ईश्वरला दादा म्हणायचा. ईश्वरनेच त्याला एअरपोर्टवरून आणलं होतं, ड्रायव्हिंग शिकवलं होतं. मोनाली लग्न होऊन ऑक्टोबरात आली होती. बर्फ तिने तोवर फ्रीझरमध्येच पाहिला होता. परवडेल म्हणून दोघांनी गावाबाहेर झाडीत एक जुनं घर भाड्याने घेतलं होतं. तिथला हीटर विजेवर, चूल विजेवर, विहिरीचा पंपही विजेवर. वीज गेली की सगळंच गेलं.

गुरुवारी दुपारीच शीला म्हणाली होती, त्या दोघांना आत्ता घेऊन या. ईश्वर म्हणाला, रस्त्यावर बर्फाची काच झालीय, उद्या सहा तारखेला आणायचंच आहे, एका रात्रीचा तर प्रश्न आहे. एका रात्रीचा!

संध्याकाळी सातला त्याने फोन लावला. त्यांच्याकडे वायरवाला जुना फोन होता, तो चालू होता. बुद्धभूषण म्हणाला, घरात बोटं वाकत नाहीत, मोनाली रडतेय. आता ईश्वर चंद्रपूरचा, बाप कोळसा खाणीत. हिवाळ्यात त्याची आई कोळशाची शेगडी पेटवून खोलीत ठेवायची आणि चार भावंडं तिच्याभोवती झोपायची. त्याने तेच सांगितलं. ग्रिल आत घे, कोळसे पेटव, दारं-खिडक्यांच्या फटी टॉवेलने बुजव म्हणजे ऊब टिकते.

अरे, चंद्रपूरच्या त्या घराच्या छपरावर कवेलू होते, मातीची कौलं. शंभर फटी. जे काय व्हायचं ते वरच्या वर निघून जायचं. इथली घरं डब्यासारखी बंद. एवढा मोठा इंजिनिअर, त्याला हे सुचलं नाही. आणि मला? मी शेजारीच बसलो होतो. मी म्हटलं, "चार कोळसे जास्तीचे घाल म्हणावं."

हो. मीच म्हटलं.

रात्री दहाला बुद्धभूषणचा फोन आला. म्हणाला, "दादा, मोनालीचं डोकं फार दुखतंय. मलाही गुंगी येतेय."

ईश्वर हसला. "ऊब मिळाली की झोप येतेच, वेड्या. झोपा निवांत."

शुक्रवारी दिवसभर फोन नुसता वाजत होता. उचलत कोणी नव्हतं. लाइन तुटली असेल, असं आम्ही धरून चाललो.

तर ईश्वर निघाला. सिग्नल बंद, चौकाचौकात गाड्या अंदाजाने पुढे सरकत होत्या. बॅटरीवरचा रेडिओ आमच्या कोणाच्या घरी नव्हता, त्यामुळे दोन दिवस बातम्या कानावर नव्हत्या. त्याने गाडीतला रेडिओ लावला. कुठे वीज आली, कुठल्या शाळेत झोपायची सोय आहे, असं चाललं होतं. मग ती बाई म्हणाली, घरात कोळसा पेटवू नका. त्याचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही. बऱ्याच जणांना हॉस्पिटलात नेलंय. डोकं दुखलं, गुंगी आली, तर झोपू नका. ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत जा.

ईश्वरने गाडी बाजूला घेतली. खिशातला मोबाइल काढला. त्याने फोन लावला. वाजत राहिला... वाजत राहिला.

मग त्याने गाडी जी हाणली, विचारू नका. दोनदा गोल फिरली. एका ठिकाणी आडवा पाइन पडलेला, खड्ड्यातून चाक घालून तो पलीकडे निघाला. मोठा रस्ता संपला, झाडीतला अरुंद रस्ता लागला. घर अजून एक मैल. दिवा नाही, माणूस नाही. वर फांद्यांवरचा बर्फ एकमेकांवर घासून किणकिण वाजत होता.

वळणावर हेडलाइटमध्ये कोणीतरी पांढरं दिसलं.

रस्त्याकडेच्या पत्रपेटीशी बुद्धभूषण उभा होता. पांढरा कुर्ता, पांढरा पायजमा. अंगात जॅकेट नाही. हात शरीराला लावून सरळ उभा, शाळेत प्रार्थनेला उभं करतात ना तसा.

ईश्वर मला सांगायचा, आयुष्यात इतका आनंद त्याला पोरगा झाला तेव्हाही झाला नव्हता. दार उघडून तो ओरडलाच, "अरे, जिवात जीव आला माझ्या! बस, बस आत."

पुढे थर्मास आणि ब्लँकेटं होती, म्हणून बुद्धभूषण मागे बसला, उजव्या खिडकीपाशी. ईश्वरने हीटर मोठा केला, थर्मास मागे धरला. त्याने घेतला नाही. म्हणाला, "दादा, काचा खाली करा."

ईश्वरला वाटलं, पोराला त्या वायूने अजून मळमळतंय. रेडिओवरची बाईही मोकळी हवाच म्हणाली होती. त्याने उजवीकडची काच खाली केली.

"सगळ्या."

चारही काचा खाली. आत बर्फाचा वारा शिरला. ईश्वरचे दात वाजायला लागले. त्याने विचारलं, मोनाली कुठाय?

"घरी."

"एकटी? आत? अरे, कोळसे विझवलेस ना?"

 मागून, अगदी शांत आवाजात...

"ती उठत नाही, दादा."

ईश्वरने ॲक्सिलरेटर दाबला. काही होणार नाही म्हणाला. आत्ता पोचतो म्हणाला. तोंडाने बोलत होता आणि प्रत्येक शब्दाला तोंडातून वाफ निघत होती. आरसा धुकटला. त्याने बाहीने पुसला. आरशात बुद्धभूषण दिसला. तो म्हणत होता, "हवा लागत नाही, दादा."

त्याच्या तोंडातून वाफ निघत नव्हती.

ईश्वरने पुन्हा बघितलं नाही.

एक मैल. म्हणाला, एवढा लांब रस्ता कधी पाहिला नाही. मागून आवाज नाही. हालचाल नाही. फक्त वारा... आणि वर ती किणकिण.

घर आलं. अंधार. ईश्वर समोर बघूनच म्हणाला, "किल्ली दे."

"बुद्धभूषण... किल्ली."

तो वळला. मागची सीट रिकामी होती. दार बंदच होतं.

पुढे पळाला असेल. ईश्वरने स्वतःला असंच सांगितलं. पुढेच पळाला असेल. तो दाराशी गेला. कुलूप. दाराखालच्या फटीत टॉवेलाचं टोक. त्याने हाका मारल्या, लाथा मारल्या. शेवटी बागेतला दगड उचलून खिडकी फोडली. आतली कोंदट हवा तोंडावर आली.

टॉर्च.

खोलीच्या मधोमध ग्रिल. पांढरी राख.

खिडक्यांच्या फटींत टॉवेल. सांगितले होते तसे. नीट, घड्या घालून.

खुर्चीवर पांढरा कुर्ता-पायजमा आणि पांढरी साडी. इस्त्रीला वीज नाही, म्हणून गादीखाली दाबून ठेवलेले असावेत. सहा तारखेची तयारी.

पलंगावर दोघं. रजई गळ्यापर्यंत. बुद्धभूषणच्या अंगात दोन स्वेटर होते आणि कानटोपी. ईश्वरने त्याचा हात धरला. हात वाकत नव्हता.

तरीही त्याने दोघांना ओढत ओढत बाहेर अंगणात आणलं. मोकळ्या हवेत. रेडिओवर सांगितलं होतं ना. त्यांच्यावर शीलाची ब्लँकेटं घातली आणि मध्ये बसून राहिला. मोबाइलवरून बोलावलेल्या फायर ब्रिगेडवाल्यांना पडलेली झाडं कापत यायला पाऊण तास लागला. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, काल रात्रीच गेलेत. बारापूर्वीच.

काल रात्री, पोरांनो. दहाला फोन आला होता. "झोपा निवांत" म्हटलं, त्यानंतर फार तर दोन तास.

ईश्वर म्हणाला, हा तासाभरापूर्वी माझ्या गाडीत बसला होता. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांच्या गाडीतून घरी सोडलं. त्या रात्री वंदना कोणी म्हटली नाही. शीला त्याला एकच वाक्य बोलली, "मी गुरुवारीच म्हटलं होतं." आणि मी काहीच बोललो नाही. चार कोळशांचं ईश्वरने मला कधीही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी शीला पोराला घेऊन नागपूरला गेली ती परत आली नाही. ईश्वर तिकडे वाळवंटात, चँडलर गावी राहायला गेला. तिथे हिवाळा असा नाहीच. तरी तो खिडकी बंद करून झोपत नाही. सहा डिसेंबरला मला फोन करतो. बोलत काही नाही. मी विचारतो, जेवलास का? तो हो म्हणतो. मग दोघंही फोन कानाला लावून बसून राहतो.

आता शेवटचं. शनिवारी सकाळी त्याची गाडी आणायला आम्ही दोघं गेलो. त्याने मला रस्ताभर सगळं सांगितलं. मी मनात म्हटलं, धक्का बसलाय माणसाला. डोकं जागेवर नाही. अपराध मनाला खातोय, म्हणून दिसलं असेल.

गाडी अंगणात होती तशीच उभी होती. चारही काचा खाली. वर पाइनची फांदी. रात्रभर वाऱ्याने फांदीवरचा बर्फ झडत होता. बारीक चुरा, किसलेल्या खोबऱ्यासारखा. स्टिअरिंगवर, पुढच्या सीटवर, सगळीकडे पांढरा थर बसला होता.

मागच्या सीटवरही होता. सगळीकडे नाही. उजव्या खिडकीपाशी माणूस बसतो तेवढी जागा कोरडी होती. पाठ टेकते तिथेही कोरडी.

ईश्वर तिकडे बघत उभा राहिला.  मग हळूच म्हणाला, "शशिकांत... तो एकटाच बसला होता रे."

मी तेव्हा वाकून नीट बघितलं.

त्या जागेला लागून आणखी एक कोरडी जागा होती. जरा लहान.