निर्जंतुक मामा आणि मळका स्पंज

"तो शेवाळलेला बोळा माझ्या दवाखान्यात येणार नाही म्हणजे नाही," मामाने ठणकावलं आणि सुट्टीची सुरुवातच भांडणाने झाली.

मामा दातांचा डॉक्टर. त्याने नवा कोरा दवाखाना थाटला होता आणि पेशंट बसतात त्या बाहेरच्या खोलीत भिंतभर काचेची टाकी बसवून घेतली होती. उद्घाटनाला त्याचे कॉलेजातले सर यायचे होते. टाकीत मासा मात्र नव्हता, आणि विकतचा आणायचीही मामाला गरज वाटत नव्हती. भाचीचा शेठ होता की घरचाच! शेठ म्हणजे ताईचा ढेरपोट्या गोल्डफिश, तिने हौसेने वाढवलेला. आईने ताईला न विचारता भावाला होकार देऊन टाकला होता. मोठी माणसं दुसऱ्याची वस्तू देताना फार दिलदार होतात.

ताई आठवीतून नववीत गेली होती. तिने मामाला बसवून नीट समजावलं. मासा पाण्यातच खातो, पाण्यातच घाण करतो. त्या घाणीतून अमोनिया सुटतो, आणि तो माशाला विषासारखा. जुन्या टाकीत हे विष पचवणारे जिवाणू असतात, गाळणीच्या स्पंजावर बिऱ्हाड करून राहिलेले. नव्या टाकीत कोणीच नसतं. ताईने पहिले मासे अशाच कोऱ्या टाकीत सोडून मारले होते, पोटभर रडली होती आणि मगच हे सगळं शिकली होती. म्हणून तिच्या टाकीतल्या दोन स्पंजांपैकी एक मामाच्या गाळणीत ठेवायचा, जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं, आणि थोडं पाणी नळीत घेऊन, त्यात तपासणीचे थेंब घालून पाहायचं. हिरवं झालं तर अमोनिया आहे, पिवळं राहिलं तर टाकी तयार.

मामा मधेच हसला. जंतू कसे मारायचे हे शिकण्यात त्याची कितीतरी वर्षं गेली होती, आणि ही चिमुरडी त्याला जंतू पाळायला सांगत होती. शेवटी आईने तह घडवला. स्पंज राहील, मामा गाळणीला हात लावणार नाही. पण उद्घाटनाला शेठ टाकीत हवा, पाणी हिरवं होवो नाहीतर निळं. आईपुढे ताईचं काही चाललं नाही.

मग कंपनी कामाला लागली. कंपनी म्हणजे ताई, तिचा धाकटा भाऊ भोंगा, ज्याची कुजबुज दोन घरं पलीकडे ऐकू जायची, आणि शेजारची मुलगी वकीलबाई, जी 'सुप्रभात' म्हटलं तरी पुरावा मागायची. स्पंज सुकू नये म्हणून तिघांनी तो जुन्या टाकीच्याच पाण्यात बुडवून डब्यातून नेला. रोज सकाळी पाणी तपासलं. हिरवा रंग फिका होत चालला, अगदी पिवळ्यावर आला.

आणि एका सकाळी पाणी पुन्हा गर्द हिरवं!

मामाने लगेच गुन्हेगार शोधून टाकला. भोंग्यानेच खाण्याचा डबा उपडा केला असणार, असं त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं. मुलांना कामं दिली की असंच होतं, वर असंही ऐकवलं. त्याने स्वतः गाळणीला हातसुद्धा लावला नव्हता म्हणे. भोंग्याचे कान लाल झाले.

वकीलबाईने मात्र टाकीखालचं कपाट उघडलं आणि गाळणीतला स्पंज बाहेर काढला. तो पांढराशुभ्र, थोडा आक्रसलेला आणि दवाखान्याच्या वासाचा झाला होता. कपाटाच्या कोपऱ्यात काळ्या पट्ट्यांच्या चिकटपट्टीचा तुकडा पडला होता. तशीच पट्टी मामाच्या हत्यारांच्या पाकिटांवर असते. ती पाकिटं वाफेच्या यंत्रात निर्जंतुक झाली की त्या पट्ट्या काळ्या पडतात.

"पुरावा ठीक आहे," वकीलबाई म्हणाली, "पण मला साक्षीदार पाहिजेत."

त्यांनी तो पांढरा स्पंज बादलीत टाकला, त्यात जुन्या टाकीचं पाणी आणि चिमूटभर खाणं घातलं आणि बादली घरी ठेवून दिली. गाळणीच्या वरच्या कप्प्यात दुकानातून आणलेला स्पंज बसवला आणि त्याला बाहेरून चिखल फासला. मग जेवणाच्या सुट्टीत तिघं सोफ्यामागे दबा धरून बसली. भोंग्याने तोंडात रुमाल कोंबला होता.

मामा आला. तोंडाला मास्क, हातात मोजे, मोज्यांत लांब चिमटा. किडलेली दाढ धरावी तसा त्याने तो स्पंज उचलला, नाक मुरडलं आणि वाफेच्या यंत्राकडे चालता झाला. वर शीळसुद्धा घालत होता. हातसुद्धा लावला नाही म्हणे! इतकी वर्षं शिकून माणसाने अक्कल अशी गहाण टाकावी, याचं ताईला हसूही आलं आणि चीडही आली.

भोंगा म्हणत होता, आत्ताच्या आत्ता आईला सांगू. ताई नको म्हणाली. मामा गोड हसून कबूल करील आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफ देईल, कारण घाण दिसली की त्याला झोप लागत नाही. त्यापेक्षा त्याला हवं ते खेळणं त्याच्याकडेच राहू द्यावं.

तिने घरच्या दुसऱ्या स्पंजाचा अर्धा तुकडा कापला आणि जुन्या टाकीतली मूठभर रेती भोंग्याच्या मोज्यात बांधली. मोजा धुतलेला होता, हे वकीलबाईने तपासून घेतलं. दोन्ही गोष्टी गाळणीच्या खालच्या कप्प्यात गेल्या. वरच्या कप्प्यात मामाचा लाडका पांढरा स्पंज तसाच राहिला. मामा तो रोज वाफवत राहिला आणि खालचे जिवाणू आपलं काम करत राहिले. थेंबांचा रंग उतरत उतरत पिवळा झाला आणि पिवळाच राहिला.

उद्घाटनाला शेठ झाकणाच्या बादलीतून आला. मामाने सरांपुढे टाकीचा टेंभा मिरवायला सुरुवात केली. पाणी कसं लखलखीत आहे, सगळं निर्जंतुक केल्यामुळेच ते कसं टिकलं आहे. स्पंज रोज स्वतः वाफवतो हेही त्याने फुशारकीच्या भरात सांगून टाकलं. आईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

ताईने दोन काचेच्या नळ्या काढल्या. एकीत घरी ठेवलेल्या त्या बादलीतून आणलेलं पाणी, जिच्यात मामाने वाफवलेला स्पंज पडून होता. दुसरीत टाकीतलं. थेंब टाकले. पहिली गर्द हिरवी झाली, दुसरी पिवळी. मग तिने खालच्या कप्प्यातून तपकिरी, बुळबुळीत स्पंज आणि मोजा बाहेर काढला.

"पाणी यांनी राखलंय," ती म्हणाली. "वरच्या स्पंजाने नाही."

सरांनी आधी नळ्या पाहिल्या, मग मामाकडे पाहिलं. परीक्षेत हा असाच प्रश्न न वाचता उत्तर लिहायचा, असं ते म्हणाले, आणि तिघांच्या पाठीवर थाप मारून त्यांनी तो ओला मोजा स्वतःच्या हातात घेऊन पाहिला. मामाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. त्याने भोंग्याची माफी मागितली. फार हळू मागितली, म्हणून भोंग्याने ती मोठ्याने पुन्हा मागायला लावली.

मामाने मग खाकरून बादलीकडे बोट दाखवलं. टाकी तयार आहे ना, मग सोड की आता शेठला.

ताईने स्पंज आणि मोजा गाळणीत परत ठेवला आणि बादलीवर झाकण लावलं.

"टाकी तयार झालीय, मामा. तू अजून नाही झालास."

मामाने आईकडे पाहिलं. आईने पुढे होऊन बादलीची दुसरी बाजू धरली, आणि दोघी मिळून शेठला घरी घेऊन गेल्या.