फोटोमामाने उतरवलेली खोली

दार लोटून घ्या रे, आणि ते मोबाईल खाली ठेवा. ऐकीव नाही सांगत. ज्याच्या बाबतीत घडलं, तो माझ्या शेजारच्या टेबलावर काम करायचा. खऱ्या वस्तूचे किंवा जागेचे चहूबाजूंनी शेकडो फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरमध्ये ती हुबेहूब उभी करायची, हा त्याचा धंदा. मग डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवला, की माणूस थेट त्या जागेत. भाचा त्याला फोटोमामा म्हणायचा.

तो आठ वर्षांचा भाचा तापाने गेला. रोज त्याच्या खोलीच्या दारावरून जाणं त्याच्या आईला, म्हणजे फोटोमामाच्या ताईला, झेपेना. घर सोडायचं ठरलं. पण त्याआधी ती भावाला म्हणाली, "त्याची खोली तेवढी उतरवून दे मला. जशीच्या तशी."

गेल्या फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. खिडकीतलं ऊन सरकत राहू नये, म्हणून त्याने काम अंधार पडल्यावरच सुरू केलं. आरशावर चादर टाकली. आरसा दिसला की कॉम्प्युटर फसतो, भिंतीपलीकडे आणखी एक खोली उभी करतो. चमक जावी म्हणून सायकलच्या चकचकीत घंटीवर पावडर मारली. पडद्यांना चिमटे लावले. कारण फोटो चालू असताना जे हलतं, ते चित्रातून पुसलं जातं. स्थिर राहील तेवढंच उरतं.

"म्हणजे माझं पोर इथे असतं तरी यात आलं नसतं," ताई दारातून म्हणाली. "दोन मिनिटं धड बसेल तर शपथ!"

ती हसायला गेली, आणि तोंडावर हात दाबून आत निघून गेली.

मध्यरात्र उलटून गेल्यावर खोली तयार झाली. त्याच खोलीत बसून तो लॅपटॉपवर बघत होता. सगळं आलं होतं. टेबल, दप्तर, भिंतीवरच्या रेघोट्या. फक्त पलंगाच्या कडेला एक धुरकट उंचवटा होता. असे गोळे येतातच. त्याने तो खोडला, खोली पुन्हा बनवायला लावली.

पुन्हा तिथेच.

एकेक फोटो तपासला. सगळ्यांत पलंग रिकामा.

तिसऱ्यांदा उंचवट्याला खांदे आले. मांडीवर ठेवलेले हात...

खोडावं, तर बोट उठेना.

"झालं का रे?" मागे ताई उभी होती.

"ताई, तू नको बघूस."

तिने चष्मा उचलून चढवला.

मग ती पलंगापाशी जमिनीवर बसली. हात पुढे केला. कुणाचे तरी केस सारखे करावेत, तसा...

"इतका वेळ बसून राहिलास?" ती पुटपुटली. "पाय नाही रे अवघडले?"

त्याची नजर स्क्रीनवर.

"मामाचं काम झालं, बाळा. आता हललास तरी चालेल."

स्क्रीनवर पलंग रिकामा झाला. त्याने कशालाही हात लावला नव्हता.

ताई हवेत चाचपत राहिली. "कुठे गेला? अरे... आत्ता तर..."

त्याने तिच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून पलंगावर ठेवला. तिला धरून बाहेर नेलं. दार ओढून घेतलं. उजाडेपर्यंत दोघं स्वयंपाकघरात बसून होती.

सकाळी तो सामान आवरायला आत गेला. चष्मा पलंगावरच होता. त्याने नेहमीसारखा डोक्याला लावून बघितला. बसेना. ताईलाही बसेना.

त्याचा पट्टा कुणीतरी ओढून, ओढून, अगदी शेवटपर्यंत आवळला होता. लहान मुलाच्या डोक्याला बसेल, एवढा.