घुरघुरणाऱ्या गाड्या

"नेस्टर, ऊठ ना!"

तारिनने चार वर्षांच्या भावाला गदागदा हलवलं. त्याने डोळे किलकिले केले आणि पुन्हा मिटले.

कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर जड दगड सरकवायच्या खेळाच्या, हॉलमागच्या खोलीत पाच लहान मुलं गादीवर आडवी झाली होती. त्यांना सांभाळायचं काम तारिन आणि तिचा वर्गमित्र मोझेस यांच्याकडे होतं. फेब्रुवारीची सुट्टी, बाहेर उणे अडतीस अंश थंडी आणि पलीकडे बर्फावर अंतिम सामना! निम्मं शहर तिथेच लोटलं होतं.

"ही कार्टी भरदुपारी कशी झोपली?" मोझेस म्हणाला. "आणि माझं डोकं का ठणकतंय?"

"माझंही!" तारिनने खिडकीतून पाहिलं. रस्ता साफ करणाऱ्या नांगरगाडीने सकाळी बर्फाचा उंच ढीग लावला होता. तो ढीग आणि हॉलची भिंत यांच्यामध्ये दहा-बारा गाड्या घुरघुरत उभ्या होत्या. इंजिन गारठू नये म्हणून इथे सगळेच गाडी चालू ठेवून, चावी आत सोडून जातात. आज धुराला जायला वाटच नव्हती. तो भिंतीतल्या हवेच्या जाळीतून सरळ खोलीत शिरत होता!

"मोझेस, ओढ यांना बाहेर!" ती ओरडली आणि हॉलचे सेक्रेटरी फ्रीसनकाका यांच्याकडे धावली.

"काका, गाड्या बंद करायला सांगा! मुलं उठत नाहीयेत!"

"श्श! शेवटचा दगड आहे! मुलं दमली असतील. पळ बघू."

तारिन आणखी पुढे सरकली. तिने त्यांच्यासमोरचा माइक खेचला.

"चोर! चोर! तुमच्या गाड्या पळवताहेत!"

क्षणात हॉल रिकामा! माणसं आपापल्या गाडीशी पोचली, तशी तारिन दारातून किंचाळली, "चोर नाहीत! इंजिनं बंद करा! धुराने पोरं गुदमरताहेत!"

आता मात्र सगळे उलटे पळाले. मोझेसने तीन मुलं ओढत बाहेर आणली होती. उरलेली दोन मोठ्यांनी उचलली. नेस्टर आईच्या हातात लुळा पडला होता. तारिनला त्याच्याकडे बघवेना.

"आई..." तो पुटपुटला. "माझी टोपी?"

फ्रीसनकाकांनी आपली टोपी काढून त्याला घातली. मग ते तारिनकडे वळले. "पोरी, तू सांगत होतीस आणि मी दगड बघत बसलो."

कुणीतरी फोन करून बोलावलेल्या अग्निशमन दलाच्या प्रमुख बाईंनी पाचही मुलांना तपासून रुग्णवाहिकेत चढवलं. मग त्या तारिन-मोझेसपाशी आल्या. "आता तुम्हीही बसा. आणखी थोडा उशीर झाला असता तर..." त्यांनी दोघांच्या खांद्यांवर हात ठेवले. "शाब्बास, दोघांनाही! असं खोटं पुन्हा बोलावं लागलं, तर बेधडक बोला."

तेव्हा कुठे तारिन हमसून हमसून रडली.