मिसेस ओरिन लुंडचं भांडं

फ्रिजवरचं ते काचेचं भांडं राहू दे, ब्रीना. लाह्या पातेल्यात घे. का म्हणून काय विचारतेस? बस इथं. कोडी, तूही बस, आणि दात काढायचे असतील तर आत्ताच काढून घे. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या भावजयीवर, तुमच्या मार्लिसकाकूवर गुदरलेली आहे. आणि मार्लिस कशी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. वादळाचा भोंगा वाजला तरी आधी ओव्हन बंद करून मग तळघरात जाणारी बाई.

मागच्या ऑक्टोबरातली सोळा तारीख, गुरुवार. काउंटीला पावणेदोनशे वर्षं झाली म्हणून पुस्तक निघणार होतं. आम्ही पुरुषांनी रेल्वे, बँक, धान्याचे कोठे वाटून घेतले आणि बायकांचं प्रकरण मार्लिसच्या गळ्यात घातलं. तिनं ते भलतंच मनावर घेतलं. शाळा चालवणाऱ्या, सुईणी, टेलिफोनवाल्या, एकूण एकशे बारा जणी. आणि प्रत्येकीचं स्वतःचं नाव छापायचं, असा तिचा हट्ट. कारण जुन्या वर्तमानपत्रांत बाई म्हणजे नुसती मिसेस अमका. जन्मभर राबायचं तिनं, नाव नवऱ्याचं.

एकशे अकरा नावं सापडली. एक सापडेना. मिसेस ओरिन लुंड.

त्या बाईनं आपल्या भागातली अर्धी बाळंतपणं केलेली. मळणीच्या दिवसांत चाळीस माणसांचं जेवण एकटीनं रांधलेलं. आणि थडग्यावर काय? 'ओरिन लुंड आणि पत्नी'. मार्लिस गावातल्या एक्क्याण्णव वर्षांच्या वर्नाकडेही जाऊन आली.

"तिच्या हातचा दूधभात अजून जिभेवर आहे बघ," वर्ना म्हणाली. "नाव? नाव कोण विचारत होतं गं तेव्हा!"

पुस्तक शुक्रवारी सकाळी आठला छापखान्यात जायचं होतं. नाव मिळालं नाही तर ती बाई कायमची मिसेस ओरिन लुंड राहणार. मार्लिसला ते सहन होईना. त्याच आठवड्यात चर्चच्या तळघरातलं कपाट आवरताना तिला हे भांडं मिळालं. मयताच्या घरी जेवण पोचवायचं, तर भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून नाव लिहायचं, म्हणजे ते परत येतं. आपल्याकडच्या बायकांची पद्धतच आहे ती. मार्लिसनं मोठ्या आशेनं भांडं उलटं केलं. पट्टीवर काय असावं? मिसेस ओरिन लुंड. स्वतःच्या भांड्यावरसुद्धा!

लुंडांचं घर वीस वर्षं ओसाड होतं. शनिवारी आम्ही बंबवाले ते आग विझवण्याच्या सरावासाठी जाळणार होतो. लुंडांचा नातू मिनियापोलिसला; आजीचं नाव त्यालाही ठाऊक नव्हतं. तो फोनवर म्हणाला, "दार उघडंच आहे. स्वयंपाकघरातल्या कपाटात जुनं बायबल असेल, घरच्यांची नावं त्यात लिहायचे म्हणे. हवं ते घेऊन जा."

मार्लिसनं भांडंही बरोबर घेतलं. घर जळण्याआधी भांडं एकदा आपल्या घरी जाऊ दे, एवढंच तिच्या मनात. वर्नानं तिला बजावलं होतं, "रिकामं नेऊ नकोस हो. कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत."

"भरून कुणाला देऊ, वर्ना? उंदरांना?"

बाईनं चेष्टा केली खरी... आणि भांडं रिकामंच नेलं.

त्या गुरुवारी रात्री नऊ वाजून वीस मिनिटांनी ती खडीच्या रस्त्यावरून आत वळली. लांब शेतात तिच्या नवऱ्याच्या, आपल्या अर्लोच्या कापणीयंत्राचे दिवे दिसत होते, म्हणून तिला धीर होता. दार ढकललं. मोबाइलचा उजेड टाकला. मधोमध लांब टेबल, त्यावर बोटभर धूळ. चूल कधीच चोरीला गेलेली, भिंतीत नळकांड्याचं भोक तेवढं उरलेलं. तिनं भांडं टेबलावर ठेवलं आणि कपाटाकडे वळली.

पहिला खण रिकामा. दुसऱ्यात उंदरांचं घरटं. तिसऱ्यात काहीच नाही.

बायबल नव्हतं.

तेवढ्यात तिला वास आला. उतू गेलेल्या दुधाचा. दालचिनीचा.

मागं काचेवर चमचा घासल्यासारखा आवाज झाला. एकदा. मग पुन्हा.

"कोण आहे?" मार्लिस म्हणाली. "मी चर्चमधून आलेय..."

आवाज थांबला.

तिनं उजेड फिरवला. टेबलावरच्या धुळीत गोल ठसे उमटले होते. ताटांचे. एक, दोन... बारा. मघाशी त्या धुळीवर बोटसुद्धा उमटलेलं नव्हतं.

चूल नव्हती, तरी चुलीच्या जागेवरून ऊब येत होती.

मग अगदी मानेमागून, दमलेल्या बाईचा आवाज आला.

"कोणाची गं तू?"

आपल्याकडे म्हाताऱ्या हेच विचारतात. आणि मार्लिसच्या तोंडून सवयीनं तेच निघालं, जे कोणाच्याही तोंडून निघालं असतं.

"मी... मी अर्लोची बायको."



उजेड गेला.

"ते नाही विचारलं."

आता आवाज कानाशी होता. मार्लिस सांगते, तेव्हा वाटलं, चुकीचं उत्तर दिलं तर मी इथून बाहेर पडत नाही.

"मार्लिस," ती म्हणाली. "माझं नाव मार्लिस."

कोणीतरी लांब श्वास सोडला. मार्लिसला रडू फुटलं. रडत रडतच तिनं विचारलं, "आणि तुमचं?"





मग तिच्या मनगटावर एक हात आला. गरम. पिठानं माखलेला.

ती कशी धावली, गाडी कशी सुरू केली, तिचं तिलाच आठवत नाही. भांडं तिथंच राहिलं. अर्लो रात्री एकला घरी आला, तर ही सगळे दिवे लावून बसलेली. बाहीवर पांढरी पाच बोटं.

पहाटेपर्यंत ती त्या एकशे बाराव्या ओळीसमोर बसून होती. साडेसहाला मागच्या पायरीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज झाला. अर्लोनं बंदूक घेऊन दार उघडलं. अंगणात दव होतं. दवावर पाऊल नव्हतं.

पायरीवर हे भांडं. काठोकाठ दूधभात, वर दालचिनी, वाफा निघत होत्या. बुडाला जुन्या पट्टीवर नवी पट्टी, शाई ओली.

'थोरा'.

मार्लिसनं तेच नाव लिहिलं आणि आठच्या आत पाठवलं. पुस्तक तिकडं कपाटात आहे, बघा. शनिवारी आम्ही घर जाळलं. काडी मीच लावली. तेव्हा मला कोणी काही सांगितलं नव्हतं, शपथ. नंतर मार्लिस हे भांडं घरात ठेवीना, तिला टाकवतही नव्हतं, म्हणून मी आणलं. मोठा शहाणा ना मी.

काय म्हणालीस, ब्रीना? घर जाळलं, मग ती आता राहते कुठं?

...

कोडी, खाली काढ ते भांडं. हळू. वर्ष झालं त्याला, चुलीवर नाही की ओव्हनमध्ये नाही.

आता बुडाला हात लावून बघ.

गरम आहे ना?