चार नंबरचं कार्ड

हार्डवेअरवाले चांगला पार्ट काढून जुना बसवतात, असं नाशकात निम्म्या लोकांना वाटतं. मला याचा भयंकर राग येतो. म्हणून २००३ साली गंगापूर रोडच्या एका वाचनालयात सहा नवी नेटवर्क कार्डं बसवताना मीच ग्रंथपाल शैलाताईंना म्हटलं, "पाकीट फोडा आणि प्रत्येक कार्डावर मार्करनं सही करा. नंतर कटकट नको."

त्यांनी डाव्या हातानं सह्या केल्या. वर्षापूर्वी स्कूटरवरून पडून उजवं मनगट मोडलं होतं, बोटं मिटतच नव्हती. सही पार वाकडी आली. "बालवाडीत घाल रे मला," म्हणाल्या आणि हसल्या.

पंधरा दिवसांनी मी कार्डांच्या आतला प्रोग्राम अपडेट केला आणि चार नंबरच्या कॉम्प्युटरला सर्व्हर ओळखेना. प्रत्येक कार्डाला कारखान्यातूनच एक पत्ता मिळतो, सर्व्हर त्यावरूनच ओळख ठेवतो. चार नंबरचा पत्ता भलताच दिसत होता.

"कार्ड बदललंस तू," शैलाताई म्हणाल्या.

सेक्रेटरी ढुंढिराजकाका केबिनमधून बाहेर आले. "तासाभरात जुना पत्ता दाखव. नाहीतर तू कार्ड चोरलंस असं मी सगळ्यांना सांगेन. मग या रस्त्यावर तुला कोण दारात उभं करतं ते बघू!"

माझी सगळी गिऱ्हाइकं याच रस्त्यावर होती.

काका आत गेल्यावर मी चार नंबरच्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडून कार्ड काढलं. सही होती, पण सरळ, ठसठशीत, शेवटी झोकदार रेघ.

शैलाताई बघतच राहिल्या. "ही माझी जुनी सही. उजव्या हाताची."

"मग केली कोणी?"

"मला काय विचारतोस? तूच सांग."

बाई मला अडकवतायत, असंच वाटलं. मी कोरा कागद पुढे सरकवला. "करा बरं उजव्या हातानं."

जमत नाही हे दाखवायला त्यांनी रागारागानं पेन उचललं. बोटं मिटली. सही झाली. अगदी तशीच. मग त्या करतच सुटल्या, कागद भरला, गाल ओले झाले.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. जुन्या प्रोग्रामची फ्लॉपी होती, एकच. कार्ड परत बसवून तो चढवला. जुना पत्ता आला.

मागे शैलाताईंच्या हातातलं पेन खाली पडलं.

कार्ड काढून बघितलं. सही वाकडी.

पुन्हा नवा प्रोग्राम चढवला. भलता पत्ता, सरळ सही. शैलाताईंनी पेन उचललं, उजव्या हातानं.

तीनदा केलं. तीनदा तसंच.

"बास कर," त्या हळूच म्हणाल्या. चार नंबरवर तेव्हा नवा प्रोग्राम होता.

"ताई, काकांना जुना पत्ता दाखवावाच लागेल हो. नाहीतर मी चोर ठरेन."

"फ्लॉपी बघू."

मी दिली.

त्यांनी ती उजव्या हातात धरली आणि टेबलाच्या कडेवर दाबून मोडली.

मग केबिनकडे वळून नेहमीच्या शांत आवाजात म्हणाल्या, "काका, कार्ड बदललेलंच आहे."

तक्रार त्यांनीच लिहिली. माझं नाव फार सुंदर अक्षरात आलं.