ज्वारीच्या डब्यातल्या किवी

“तुमचंबी दगडच हाय की.”

दवाखान्याच्या बाकावर मी पेंगत होते. डोळे उघडले तर शेजारी एक तरुण, माझ्या हातातली किवी बोटाने दाबून बघत होता. त्याच्या पिशवीतही तसल्याच केसाळ किवी होत्या. जागरणाने डोळे माझ्यासारखेच लाल झालेले. तो ऋतुराज, माळशिरसचा; मी ज्ञानदा, इथलीच. त्याची आई आणि माझे आप्पा, दोघांनाही डेंगी. प्लेटलेट्स उतरल्या की सगळे किवी आणायला सांगतात, म्हणून आणल्या होत्या.

“एक फोड खाल्ली आणि आप्पांनी तोंडच फिरवलं,” मी म्हणाले. “शाळेत मी किवी म्हणजे पक्षी शिकवते. त्याला उडता येत नाही. नर बिचारा दिवसचे दिवस अंड्यांवर बसून राहतो…”

“मंजे आमच्यागतच की. आमाला तर किवी मंजे क्रिकेटची टीम.”

किती दिवसांनी हसले मी! घरी सीताफळं ज्वारीच्या डब्यात खुपसून पिकवतो, तसंच करू, मी म्हणाले. त्याचं सोलापुरात घर नव्हतं. त्याने पिशवी माझ्याकडे दिली.

मग रोज संध्याकाळी बाकावर तेच —

“पिकल्या का, मॅडम?”

“अजून नाही.”

बोलायचं त्राण दोघांनाही नसायचं. तरी त्या एका प्रश्नासाठी मी केस विंचरून यायला लागले.

एके दिवशी शाळा सुटल्यावर पोचले, तर त्याच्या आईची खाट रिकामी. गेला… न सांगता? बाकाशी आले, तर तो भिंतीला डोकं टेकून झोपलेला.

“आई?” मी त्याला हलवून विचारलं.

“बरी झाली. मामासंगं धाडली घरला.”

“आणि तुम्ही?”

“माझ्या किवी तुमच्याकडं हायेत की.”

त्या माझ्या पर्समध्येच होत्या, सकाळी डब्यातून काढलेल्या.

“अजून कच्च्याच आहेत,” मी म्हणाले.

त्याने उघड्या पर्समधून एक उचलली आणि दाबली. बोट आत रुतलं. मी मान खाली घातली.

“तुम्ही जाऊ नये असं वाटतं मला,” मी कसंबसं म्हणाले. “बास… एवढंच.”

ती किवी त्याने जपून परत माझ्या पर्समध्ये ठेवली.

“व्हय, कच्चीच हाय,” तो म्हणाला. “रविवारी परत बघाय येतो, ज्ञानदा.”